सत्तेचाळीस नंबरचा चौकोन

बेटावरची जागा मिळाली तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब चौकोनबाईंनी जानेवारीतच मांडून ठेवला होता. दोन खोल्या. समुद्राकडे उघडणारी एक खिडकी. एक दार, आणि त्या दाराला किल्ली. पगार तोच, हुद्दा तोच, वारा मात्र भरपूर आणि फुकट. पण बाईंची सगळी बेरीज फिरून फिरून त्या किल्लीपाशी येऊन थांबायची. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांच्याकडे कपाटाची किल्ली होती, कचेरीतल्या खणाची होती, दादाच्या बाहेरच्या दाराचीसुद्धा होती. स्वतःच्या खोलीची तेवढी नव्हती, कारण खोलीला दारच नव्हतं.

दादाच्या घरात बाईंची खाट होती ती जागा म्हणजे बैठकीतून बाल्कनीत जायची वाट. वडील शेवटच्या आजारात म्हणाले होते, "तूर्त हिची खाट इथंच असू दे." ते गेले, आणि त्या 'तूर्त'ला आता एकतीस वर्षं झाली होती. कपडे वाळत घालायला जाणारा खाटेला वळसा घालून जाई, वाळलेले आणणारा ते खाटेवरच टाकी. समोरची भिंत रिकामी दिसली म्हणून दादानं टीव्हीही तिथंच बसवला. तेव्हापासून बाईंच्या अंथरुणावर सगळं घर बसू लागलं, आणि बाई कडेला.

कचेरीतलं त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. जगात कुठंही कुणी रॉकेट सोडलं, की त्याचा जळून रिकामा झालेला तुकडा कुठल्या ना कुठल्या समुद्रात पडायचा असतो. वर जाणाऱ्याचं नाव होतं, खाली पडणाऱ्याला जागा लागते. ती जागा इथल्या समुद्रात असली, की बाईंच्या टेबलावर संदेश यायचा: अमुक तारखेपासून अमुक भाग बंद. बाई भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर पेन्सिलीनं चौकोन आखायच्या, त्यात नंबर घालायच्या, नोटीस टाइप करून बाहेरच्या फळ्यावर लावायच्या आणि दिवसातून दोनदा बिनतारी यंत्रावर वाचून दाखवायच्या. तुकडा पडला, की "उठवा" असा दुसरा संदेश. मग खोडरबर. रजिस्टरात रकाने दोनच, बंद आणि उघडला. नियमही एकच, पण दगडावर कोरल्यासारखा: ज्यानं बंद करायला सांगितलं, त्यानंच उघडायला सांगायचं.

आणि ते वर्ष म्हणजे रॉकेटांचा नुसता सुळसुळाट होता. कुणी चंद्रावर यंत्र उतरवलं. ते कुशीवर कलंडलं, तरी टाळ्या पडल्या. कुणी एका लघुग्रहाच्या पाठी लागलं. कुणी हौशी श्रीमंतांना थोडी मिनिटं वर नेऊन आणलं, ते खाली उतरून रडले. कुणाचं जागच्या जागी फुटलं, तर त्यालाही 'बरंच शिकायला मिळालं' म्हणाले. बाईंची पेन्सिल महिन्याला एक संपू लागली.

बेटावरचा कारकून डिसेंबरअखेर निवृत्त होणार होता. तिथं एकट्यानंच काम करायचं, चूक धरणारं दुसरं कुणी नाही. म्हणून वरून हुकूम आला, की ज्याच्या नावावर वर्षभरात एकही दुरुस्तीपत्रक नाही, त्यालाच ती जागा. दुरुस्तीपत्रक म्हणजे 'आमच्याकडून नजरचुकीने असे झाले' हे सहीनिशी कबूल करणारा गुलाबी कागद. असे कोरे दोघेच उरले. एक बाई, आणि दुसरा शेजारच्या टेबलावरचा होयबा. तो पाकिटांवर शिक्के मारी आणि साहेबांच्या प्रत्येक वाक्याला होय म्हणे. जो कधी रेघच मारत नाही, त्याची रेघ वाकडी कशी जाणार?

"बाई, सेवाज्येष्ठता तुमची," साहेब म्हणाले होते. "एवढं वर्ष स्वच्छ काढा. किल्ली तुमचीच."

घरी याची खबर फक्त वहिनीला होती. वहिनी म्हणाली, "जाल तेव्हा जाल वन्सं. आता जरा तो टॉवेल घ्या बघू आत."

दादा वजनमापं खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, आता जगाची रॉकेटं तपासत होता. प्रत्येक उड्डाण तो बाईंच्या खाटेवर मांडी ठोकून बघे आणि वहीत टिपून ठेवी. "माणूस कुठल्या कुठं निघाला अगं!" असं म्हणताना त्याचा हात इतका लांब जाई, की बाईंना पाय आवरून घ्यावे लागत.

सत्तेचाळीस नंबरचा चौकोन फेब्रुवारीतला. कुठलीशी नवी कंपनी, पहिलंवहिलं रॉकेट. तारीख तीनदा पुढं गेली, म्हणून बाईंनी नियमाप्रमाणे लिहिलं: पुढील सूचनेपर्यंत बंद. त्यानंतर नवे चौकोन येत गेले, जात गेले. सत्तेचाळीस नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात बसून राहिला. त्याची चौकशी एकच माणूस करी.

तो एका छोट्या होडीचा मालक. आवाज असा, की लांबूनच कळे. कचेरीत सगळे त्याला भोंगा म्हणत. दर मंगळवारी तो खिडकीशी येई.

"बाई, सत्तेचाळीस उघडला का?"

"नाही हो. बंदच आहे."

"बरं," असं म्हणून तो जाई. त्यालाही आता नऊ महिने झाले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी तो आला आणि विचारून झाल्यावर गेला नाही.

"बाई, एक विचारू? त्यात पडलं तरी काय? म्हणजे पडायचं तरी कधी आहे ते?"

"संदेश आला की उघडू आपण."

"नाही, घाई नाही माझी. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय होडीला. म्हटलं, त्याआधी एकदा बघावं विचारून."

बाईंनी मान वर केली. "होडी विकताय?"

"मासळी सगळी त्या सत्तेचाळीसच्या पलीकडच्या उथळात बसते. वळसा घालून जायचं म्हणजे तीन तास जादा. येईस्तोवर बर्फाचं पाणी, आणि मासळीचं तोंड बघवत नाही."

"बाकीचे जातातच की मधून." बाई हळू आवाजात म्हणाल्या. सरकारी खिडकीतून असं बोलू नये हे त्यांना कळत होतं.

"जातात ना. मला हसतातही. पण तुम्ही यंत्रावर रोज दोनदा सांगता, बंद आहे म्हणून. आता बाईमाणूस एवढं सकाळ-संध्याकाळ बजावतंय, तर काही असेल म्हणूनच ना?" तो हसला. त्याच्या मानानं आवाज फारच लहान होता.

तो गेल्यावर बाईंनी सत्तेचाळीसची फाइल काढली. सगळ्यात खाली एप्रिलमधलं एक पत्र होतं, त्यांच्याच हातानं लावलेलं. 'मोहीम रद्द. कंपनी बंद करीत आहोत. सहकार्याबद्दल आभार.' त्यात 'उठवा' हा शब्द नव्हता. म्हणून बाईंनी ते फाइल करून 'उठवा'ची वाट बघितली होती, आठ महिने. आणि तो शब्द पाठवायला तिकडं माणूसच उरला नव्हता. जे रॉकेट कधी उडालंच नाही, त्याच्या तुकड्यासाठी समुद्र अडवून ठेवला होता, आणि त्याची दवंडी बाई दिवसातून दोनदा पिटत होत्या.

त्या पत्र घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"नियमानं तुमचं काही चुकलेलं नाही. उठवा आलेलं नाही."

"येणारही नाही, साहेब. आपणच उघडू या."

"कशानं उघडणार? मागणीशिवाय चौकोन उघडायचा कागद आपल्याकडे एकच आहे."

"गुलाबी."

"आणि आखणाऱ्याचीच सही लागते त्यावर." साहेब खुर्चीत मागं रेलले. "बाई, नऊ महिने बंद होता, आणखी तीन आठवडे राहिला तर समुद्र आटतोय का? एकतीसला ऑर्डर काढतो. एक तारखेला बेटावर जा, आणि दोन तारखेला तिथून पाठवा गुलाबी कागद. दोन पाठवा हवं तर!"

होयबा दारात उभा होता. तो म्हणाला, "होय साहेब."

बुधवारी बाईंनी कोरं दुरुस्तीपत्रक खणातून काढलं आणि परत ठेवलं. त्यांनी मनाशी मांडणी केली. उद्या उघडला तरी त्या माणसाची नऊ महिन्यांची तूट काय एका दिवसात भरून निघणार? विकायचं ठरवलेला माणूस विकणारच. शिवाय बाकीचे जातातच मधून. मांडणी बिनचूक होती. एकतीस वर्षांच्या कारकुनीत त्यांची बेरीज कधी चुकली नव्हती. गुरुवारी त्यांनी यंत्रावर सत्तेचाळीसचा नंबर जरा घाईनं वाचला. शुक्रवारी दिवसभर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

रविवारी दुपारी एक मोठं उड्डाण होतं. जेवणं आटोपून सगळे खाटेवर जमले. पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले. दादानं वही उघडली.

"चार माणसं चाललीत. आठ महिने एवढ्याशा डबड्यात राहणार. बाहेर पडायची सोय नाही. धाडस बघ!"

"आठच महिने?" बाई म्हणाल्या.

"आठ महिने म्हणजे काय खायचं काम आहे?"

"परतायचं कधी हे ठरलंय ना पण त्यांचं?"

"ठरलंय म्हणजे? तारीख, वार, मिनिट!"

"मग बरंय त्यांचं."

वहिनी बादली घेऊन आली. "वन्सं, पाय घ्या वर जरा." बाईंनी पाय वर घेतले. पडद्यावर जाळाचा लोट उठला, दादा टाळ्या वाजवू लागला, ओल्या कपड्यांचं पाणी बाईंच्या उशीवर ठिबकलं. त्यांना त्या चौघांचं काही वाटलं नाही. त्या एका माणसाचा विचार करत होत्या, जो कुणी बघत नसताना भर समुद्रात पेन्सिलीच्या रेघेला वळसा घालत होता. खाटेला वळसा घालणारे निदान तिच्यावर काही टाकून तरी जात.

सोमवारी कचेरी उघडताच त्यांनी गुलाबी कागद टाइपरायटरला लावला. 'सत्तेचाळीस क्रमांकाचा भाग आमच्या नजरचुकीने एप्रिलपासून बंद राहिला. तो आजपासून खुला.' खाली सही केली. नकाशाजवळ स्टूल ओढून खोडरबर घासलं. नऊ महिन्यांत त्यांनी ती रेघ चारदा गडद केली होती. शिसं गेलं, पण कागदावर खाच राहिली. मग यंत्रापाशी बसून त्यांनी नोटीस वाचली. एकदा वाचायची असते, त्यांनी तीनदा वाचली.

साहेब बाहेर आले. रागावले नाहीत, त्याचंच बाईंना जास्त लागलं.

"काय मिळवलंत बाई?"

"एक चौकोन उघडला, साहेब."

मंगळवारी तो आला. खिडकीशी उभा राहिला, पण विचारलं काहीच नाही.

"सत्तेचाळीस उघडला," बाईच म्हणाल्या. "काल सकाळी."

"ऐकलं ना. होडीतच होतो."

बाईंच्या जिवात जीव आला. "म्हणजे विकली नाहीत?"

"विकली. शुक्रवारीच. नवा मालक म्हणाला, तुला पाणी माहीत आहे, तूच चालव. काल ऐकल्या ऐकल्या मधून गेलो. भरून आलो, बाई. दोन खेपा! मालक म्हणतो, पायगुण चांगला आहे माझा." तो खिडकीच्या लाकडावरून हात फिरवत राहिला. "तुम्ही काल तीनदा वाचलंत ना? मी म्हटलं होडीतल्यांना, आपल्या बाई आहेत त्या."

बाईंनी काहीतरी शोधायला खण उघडला. शोधायचं काही नव्हतं.

"आधी कळलं असतं तर..." त्यांनी सुरुवात केली.

"तुम्हाला तरी कुठं कळलं असेल आधी?" तो म्हणाला आणि गेला. बाईंनी ते वाक्य दुरुस्त केलं नाही. त्याला गुलाबी कागद नव्हता.

एकतीसला होयबाच्या हातात ऑर्डर पडली. त्यानं किल्ली सगळ्यांना दाखवली, बाईंच्या टेबलाशी आला तेव्हा जरा घुटमळला. बाईंनी हात पुढं केला. किल्ली त्यांना वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि दात गंजले होते.

"कुलपात दोन थेंब तेल सोडा गेल्या गेल्या," त्या म्हणाल्या. "खारी हवा आहे तिकडं."

"होय बाई," होयबा म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याला खरोखर काहीतरी म्हणायचं आहे असं दिसलं. पण सवय नव्हती.

मग बाईंनी रजिस्टरची वर्षअखेर केली. बंद, एकशे बारा. उघडला, एकशे बारा.

संध्याकाळी घरी आल्या तर खाटेवर सगळे जमलेले. टीव्हीवर वर्षाचा आढावा चालला होता, आणि दादाचा स्वतःचा आढावा वहीत.

"बस इथं. तुझा आकडा हवाय मला. किती चौकोन झाले यंदा?"

"एकशे बारा."

त्यानं लिहून घेतलं. "झकास. म्हणजे बघ, इतकी उड्डाणं, इतके तुकडे पडले समुद्रात, आणि नुकसान? फुटली ती यानं सोडली तर शून्य. कुणाचं काही गेलं नाही. याला म्हणतात नियोजन."

"सत्तेचाळीसमध्ये एक होडी गेली, दादा."

त्यानं पेन थांबवलं. तराजू तपासणारी जुनी नजर क्षणभर परत आली. "तुकडा पडून? बुडाली?"

"नाही. त्यातलं रॉकेट उडालंच नव्हतं. विकावी लागली."

"हात्तिच्या! मग ती यात धरत नाहीत." त्यानं शून्याखाली दोन रेघा मारल्या.

किल्लीचं बाई बोलल्याच नाहीत. वहिनी बाल्कनीतून वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून आली, आणि बाईंनी न सांगताच पाय वर घेतले.