ओल्या बाभळीचे आरे

भालचंद्ररावांच्या आजोबांची पॅकार्ड मोटार चाळीस वर्षं कुंभार पिंपळगावात पत्र्याच्या शेडमध्ये कडब्यामागं उभी होती. अमेरिकेत घडलेली, मोठ्या लढाईच्या आधी हैदराबादहून आलेली. लांबलचक तोंड, आत सोफ्यासारखी बैठक आणि चाकांना लाकडी आरे. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात भालचंद्ररावांनी ती नवी करायला काढली. ते औरंगाबादला बँकेत होते.

"असल्या गाड्या जमवणारे शौकीन असतात, पुंजाराम. एकदा ही उभी राहिली की दारात रांग लागेल."

इंजिन जालन्याच्या मेकॅनिकनं चालू केलं. रंगही तिकडच्याच माणसानं दिला. काळा, तोंड पाहून घ्यावं असा. आरे मात्र वाळवीनं खाल्ले होते. मी बैलगाडीची चाकं करणारा सुतार. ते काम माझ्याकडं आलं.

"बाभूळ हाये," मी म्हणालो, "पर याच हिवाळ्यात तोडलेली. दोन पावसाळे वाळाया पाहिजे."

"माझ्याकडे दोन आठवडे आहेत. पुण्याचं गिऱ्हाईक येतंय."

"मंग आरे ढिले पडतील."

"पडले तर पाण्यात घाला. बैलगाडीची चाकं घालत नाही का तुम्ही?"

गोष्ट खरी होती. आमच्याकडं उन्हाळ्यात चाक खुळखुळायला लागलं की रात्रभर पाण्यात घालतात. लाकूड फुगतं आणि आरे मधल्या तुंब्यात घट्ट बसतात. पण गाडीवानाला माहीत असतं की हे घट्टपण चार दिवसांचं. आरा बोलायला लागला की तो बैल थांबवून खाली उतरतो. मोटारीत बसलेल्याला ते कोण सांगणार?

तरी मी कबूल झालो. गाडी ट्रकवर चढवून न्यायची आणि पुढं नुसती बघायला ठेवायची, असं भालचंद्ररावांनी सांगितलं होतं. चारही चाकं दोन रात्री शेतातल्या हौदात बुडवून ठेवली. माझी बायको गिरिजाबाई पाणी भरायला आल्ती. ती हसून म्हणाली, "आवं, चाकं करून राह्यलेत का लोणचं घालून राह्यलेत?"

चाकं बाहेर काढून मी लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीनं ठोकून पाहिली. भरल्या रांजणासारखा आवाज आला. भालचंद्रराव खूश झाले. त्यांनी टाईप केलेला एक कागद पुढं केला. "गाडीसोबत कारागिराचं नाव जातं. चाकं कुणी केली, ते लोक विचारतात."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. आपलं नाव पुण्याला जातंय म्हणून मी खुशीनं अंगठा उठवला.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टर रजनीबाई आल्या. पन्नाशीच्या असतील. सोबत त्यांच्या आई शरयूबाई. म्हातारी लग्न होऊन सासरी आली ती अशाच गाडीतून. तिनं आत बसून दारावरून हात फिरवला आणि सौदा तिथंच झाला.

मग रजनीबाई म्हणाल्या, "ट्रक शहागडला बिघडून पडलाय. जाऊ दे. मीच चालवत नेते."

मी भालचंद्ररावांकडं पाहिलं. ते गाडीच्या रंगाकडं पाहत होते. "न्या की, बिनधास्त."

"बाईसाहेब..." मी तोंड उघडलं.

"पुंजाराम, काच पुसा," भालचंद्रराव म्हणाले.

मी काच पुसली. मग म्हणालो, "बाईसाहेब, मला शहागडपोतर सोडता का? पाव्हण्याकडं जायचंय." शहागडला माझा कुणी पाव्हणा नव्हता. हत्यारांची पिशवी घेतली आणि मागं म्हातारीशेजारी बसलो.

वैशाखाचं ऊन. डांबर चाकाला चिकटत होतं. तीर्थपुरी मागं पडली. शरयूबाईंनी मला खडीसाखर दिली.

"मिस्त्री, झोप लागली का?"

"न्हाई माय. ऐकून राह्यलो."

"काय ऐकताय?"

कढईत फुटाणा फुटावा तसा आवाज आल्ता. एकदाच. थोड्या वेळानं परत आला. मग प्रत्येक फेऱ्याला यायला लागला. कट्. कट्. उजवं मागचं चाक, बराबर म्हातारीच्या खाली. रजनीबाई पुढं गुणगुणत होत्या. गोदावरीच्या पुलाकडचा उतार समोर दिसला, तसा मी ओरडलो, "थांबवा!"

खाली उतरून आरा धरला. बोटानं हलला. मी सगळं सांगितलं. ओली बाभूळ, हौद, दोन रात्री.

रजनीबाईंनी पर्समधून कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "'आरे शिसवाचे, दहा वर्षं वाळवलेल्या लाकडाचे. खात्री माझी.' हा अंगठा तुमचाच ना?"

"माझाच."

"मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आत्ता?"

"मला वाचता येत न्हाई, बाईसाहेब."

"सौदा झाल्यावर वाटेत गाडी अडवायची आणि काहीतरी उकळायचं. मला नवीन नाही हे."

"रजनी, त्याचं ऐक जरा," आतून म्हातारी म्हणाली.

"आई, तू गप्प बस." त्या आत बसल्या आणि दार लावलं.

उतार लांब होता. पुलावरून भरलेली एसटी वर येत होती. खाली नदीत पाणी थोडं, खडकच जास्त. स्टार्टर गुरगुरला. मी पिशवीतून वाकस काढला आणि उलटा धरून मागच्या चाकावर घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला म्हाताऱ्याच्या दातासारखा आरा निघून रस्त्यावर पडला. आणखी दोन पाडले. गाडी कण्हली आणि एका अंगावर बसली.

रजनीबाई शिव्या देतच बाहेर आल्या. मी वाकस खाली टाकला. त्या चाकाशी वाकल्या. ज्या आऱ्याला माझा हात लागला नव्हता, तो त्यांनी धरला. तो त्यांच्या हातातच आला. त्यांनी उताराकडं पाहिलं, मग आत तिरप्या बसलेल्या आईकडं. मग दार उघडून त्यांनी आईला हात धरून खाली उतरवलं.

संध्याकाळी ट्रक आला. सौदा मोडला. गाडी कुंभार पिंपळगावला परत गेली आणि कागदही भालचंद्ररावांकडं गेला. मला त्या घराचं काम परत मिळालं नाही.

पुढच्या वर्षी शेड रिकामं दिसलं. मी भालचंद्ररावांना गाठलं.

"गाडी कुठं गेली?"

"गेली लांब. उत्तरेकडचा माणूस होता."

"आन् माझ्या अंगठ्याचा कागद?"

"गाडीसोबत गेला."

"आरे कुणाचे घातले?"

"चार नवे. बाकीचे तुमचेच." ते हसले. "भिजवले की बसतात. तुमच्याच हौदात शिकलो."

घेणाऱ्याचं गाव त्यांनी सांगितलं नाही. दोन वर्षांनी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. त्यात मी सगळ्यांत म्हातारा. आता मला वाचता येतं. उन्हाळ्यात पेपर आला की मी आधी अपघाताच्या बातम्या वाचतो.