पांढऱ्या बल्बांचा ताप

मित्रांनो, मी एका जुन्या राखाडी गाडीचा डावा दिवा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेलो आहे. दिव्याला तोंड नसते. असते तर मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो आणि पुढचे रामायण टळले असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक खोलगट आरसा आहे. तो बनवणाऱ्यांनी जिवापाड मेहनत घेतली होती. बल्बमधली बारीक तार नेमकी कुठे पेटणार, हे धरून त्या आरशाचा एकेक वळसा ठरवला होता. तयार झाल्यावर मला भिंतीसमोर लावून पेटवले, तेव्हा भिंतीवर उजेडाची एक सरळ रेघ उमटली. रेघेखाली प्रकाश, वर अंधार. खालचा प्रकाश रस्त्यासाठी, वरचा अंधार समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. मला त्या रेघेचा फार अभिमान होता.

पुढे कितीतरी वर्षे मी ती रेघ सांभाळली. आमचे मालक फोटोग्राफर. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचा छोटासा स्टुडिओ आहे. तिथे ओळखपत्रासाठी फोटो काढायला माणसे येतात आणि मालक त्यांना दिवसभर एकच वाक्य ऐकवतात, डोळे मिटू नका. घरी ते, त्यांच्या पत्नी आणि पत्नीची आई, अशी तीन माणसे. सासूबाई शिवणकामाचा वर्ग चालवत. रोज संध्याकाळी कापडांची पिशवी खांद्याला अडकवून त्या वर्गावर चालत जात आणि चालतच परत येत. धुक्याच्या दिवसांत मालक कौतुकाने माझी काच पुसत. माझी काही तक्रार नव्हती.

मग शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली. तिचे दिवे पांढरेशुभ्र. त्या संध्याकाळी मालकांनी आमच्याकडे असे पाहिले, की मी आणि माझा उजवीकडचा जोडीदार, दोघेही ओशाळलो. उजेड पिवळा पडलाय, असे ते पत्नीला म्हणाले. आठवड्याभरात घरी एक चकचकीत खोका आला.

खोक्यातले बल्ब दिसायला देखणे होते, पण त्यांच्या पाठीला चक्क पंखे होते. आणि तार कुठे? तार नव्हतीच. दोन अंगांना पेटणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या होत्या. आता माझ्या आरशाने करायचे काय? मालकांनी माझा जुना बल्ब काढून कचऱ्यात टाकला, नवा कोंबला, तो बसेना म्हणून त्याला धरून ठेवणारी स्प्रिंगची तार वाकवली. पंख्यामुळे मागचे झाकण लागेना, तर झाकणालाच भोक पाडले. जो माणूस कॅमेऱ्याच्या भिंगावर धुळीचा कण बसू देत नाही, त्याने हे करावे!

एवढे करून मी पेटलोच नाही. उजवा पेटला, मी ठप्प. मालकांनी फ्यूज तपासला, बॅटरीच्या तारा घासल्या, दोन वेळा माहितीचा व्हिडिओ पाहिला आणि बल्ब विकणाऱ्याला फोन करून भांडले. शेवटी पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी सहज विचारले, पिन उलटी लावून पाहिली का? पिन उलटी लावली. मी पेटलो. मालक म्हणाले, तेच करणार होतो.

मी पेटलो खरा, पण थरथरत. जुना बल्ब भरपूर वीज खायचा, हा चिमूटभर खातो. गाडीला वाटे, बल्ब गेलाच आहे. म्हणून ती चालकासमोरच्या पट्टीवर इशारा दाखवी आणि मधूनमधून वीज तोडून चाचपणी करी. त्या प्रत्येक चाचपणीला मी लुकलुकत असे. रेडिओवर गाण्याऐवजी खरखर येऊ लागली. गाडीची समजूत घालायला मालकांनी एक छोटी काळी डबी आणून तारेत जोडली. इशारा गेला, उजवा स्थिर झाला, माझी थरथर तेवढी राहिली, आणि शिवाय ती डबी खड्ड्याखड्ड्यात खडखडू लागली. त्यांनी ती चिकटपट्टीने बांधली. चिकटपट्टी उन्हाने सुटली. मग झाकणाच्या भोकातून ओलावा शिरला आणि माझी काच आतून धुरकटली. यावर उपाय काय? पत्नीचा केस वाळवायचा ड्रायर! तो माझ्या तोंडावर धरून मालक अर्धी दुपार उभे होते. नंतर कॅमेऱ्याच्या बॅगेतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या त्यांनी माझ्या पोटात टाकल्या. त्या अजूनही एका कोपऱ्यात अडकलेल्या आहेत. मला नाकीनऊ आले होते.

आणि उजेड? गाडीच्या नाकासमोर लख्ख पांढरा, दूरच्या रस्त्यावर जेमतेम. बाकीचा झाडांच्या शेंड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि समोरच्यांच्या डोळ्यांत. माझी ती सरळ रेघ पार विस्कटली होती. समोरचे गाडीवाले दिवे उघडझाप करून विनवत आणि मालक खुशीत म्हणत, बघ, जळतात लोक. पत्नी खिडकीबाहेर बघत.

एका संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही स्टुडिओतून घरी निघालो. शाळेच्या भिंतीजवळ रस्ता चढाचा आहे आणि कडेला उघडे गटार. गाडीचे नाक वर झाले की माझा उजेडही वर जातो. समोरून कडेकडेने एक बाई चालत येत होत्या. खांद्याला पिशवी होती. त्यांनी हात डोळ्यांवर धरला आणि रस्ता सोडून एक पाऊल बाजूला टाकले. मी त्यांना ओळखले. मालकांनी ओळखले नाही, कारण ते रेडिओची खरखर घालवण्यासाठी बटण पिळत होते. आम्ही पुढे गेलो.

थोड्या वेळाने भाजीवाल्याने सासूबाईंना हाताला धरून घरी आणले. साडी चिखलाने भरली होती आणि उजवे मनगट सुजून वाकडे झाले होते. कुणा गाडीच्या उजेडाने दिपून त्या गटारात पडल्या, असे त्याने सांगितले. मालक धावले. त्यांनी सासूबाईंना उचलल्यासारखे करून पुढच्या सीटवर बसवले आणि गाडी दवाखान्याकडे पिटाळली. त्या माणसाच्या मायेत काही खोट नव्हती, हे मला सांगितलेच पाहिजे. दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर गाडी थांबली. भिंतीवर उजव्याचा उजेड स्थिर होता आणि माझा थरथरत होता. मालक व्हीलचेअर आणायला पळाले. सासूबाई वेदनेत होत्या, पण भिंतीकडेच बघत राहिल्या.

हाड मोडले होते. प्लास्टर घातले. शिवणाऱ्या बाईचे उजवे मनगट ते. कात्री पुन्हा नीट धरता येईल ना, हे त्यांनी डॉक्टरांना तीनदा विचारले, असे पत्नी नंतर शेजारणीला सांगत होत्या. वर्ग बंद पडला.

यानंतरचे दिवस मला सर्वांत असह्य झाले. मालक येईल त्याच्यापाशी त्या अज्ञात गाडीवाल्याचा उद्धार करत. असल्यांचे लायसन्स काढून घ्यायला हवे, डोळ्यांवर प्रकाश मारतात, माणूस पडला तरी थांबत नाहीत. हे सगळे ते अंगणात, माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून, माझ्यावर कोपर टेकून बोलत. मी काय करणार? लुकलुकू तरी किती?

एका संध्याकाळी असेच चालले होते. शेजारी माना डोलवत होते. सासूबाई गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी आपल्या घरात गेले, त्यांचे दार लागले, तेव्हाच त्या बोलल्या.

"जावईबापू, तो उजेड थरथरत होता. एकाच बाजूचा."

मालक म्हणाले, हल्ली पुष्कळ गाड्यांचे दिवे तसे असतात. मग त्यांनी माझ्यावरचे कोपर उचलले आणि माझ्याकडे पाहिले. दारात उभ्या असलेल्या पत्नी आत गेल्या आणि गाडीची किल्ली घेऊन आल्या.

"चला, तुम्ही समोर उभे राहा," त्या म्हणाल्या. "गाडी मी आणते."

शाळेच्या भिंतीजवळ, गटाराच्या कडेला मालक उभे राहिले. पत्नी चढाखालून सावकाश गाडी घेऊन आल्या. माझा उजेड मालकांच्या चेहऱ्यावर पडला. दिवसभर लोकांना डोळे मिटू नका म्हणणाऱ्या माणसाने डोळे घट्ट मिटले आणि हात वर केला. त्यांचा पाय आपोआप बाजूला सरकला आणि टाच गटाराच्या काठावर गेली. पत्नींनी लगेच दिवे मालवले. मालक तसेच उभे होते. दिवे नसतानाही हात खाली येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ बंद होता. मालकांनी पंखेवाले बल्ब काढले, काळी डबी काढली, नवे झाकण आणि नवी स्प्रिंग आणली. साधे तारेचे बल्ब त्यांनी भिंग पुसायच्या मऊ कापडात धरून बसवले. बोटांचा तेलकटपणा लागला की बल्बची काच जास्त तापून तो लवकर जातो, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असणार. भिंगांवर पोट भरणारा माणूस तो! मी इतका चिडलेला होतो, तरी तो कापडाचा स्पर्श मला बरा वाटला.

उन्हे उतरल्यावर त्यांनी माझी रेघ भिंतीवर जुळवली. पण तेवढ्यावर त्यांचे समाधान होईना. त्यांनी सासूबाईंची खुर्ची गल्लीत, गाडीच्या समोर, थोडी लांब नेऊन ठेवली आणि स्वतः गाडीत बसले. सासूबाई परीक्षकासारख्या ताठ बसल्या. अजून खाली, त्या म्हणत. मालक उतरत, माझा स्क्रू फिरवत, पुन्हा आत जाऊन बसत. असे बरेचदा झाले. शेवटी सासूबाईंनी मान वर करून गाडीच्या काचेकडे पाहिले.

"आता तुमचं तोंड दिसतंय," त्या म्हणाल्या.

मालक गाडीतून उतरले. सासूबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन रस्त्यावरच उकिडवे बसले.

"आई, तो मीच होतो."

"ते मला दवाखान्याच्या दारातच कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून वर्ग सुरू करते. मला कात्री धरता येत नाही. तुम्ही धरा."

आता रोज संध्याकाळी मी त्या दोघांना वर्गावर सोडतो. मालक बायकांच्या घोळक्यात बसून खडूच्या खुणेवर कापड कापतात आणि वाकडे कापले की बोलणी खातात. शेजारी मात्र परवा पांढऱ्या बल्बांच्या दुकानाचा पत्ता विचारायला आले होते, त्यांच्या मुलाच्या जुन्या गाडीसाठी. मालकांनी पत्ता दिला नाही. ते त्यांना शाळेच्या भिंतीपाशी घेऊन गेले.

मित्रांनो, आम्हाला नटवू नका असे मी म्हणत नाही. माझी काच पुसा, बल्ब गेला तर बदला, माझ्या पोटातल्या त्या पुड्या जमल्यास काढा. पण काही नवे बसवलेत, तर एकदा गाडीतून उतरून आमच्या समोर येऊन उभे राहा. तिथून कोणीतरी रोज चालत येत असते.