वस्तऱ्याचा दगड

नांदूरघाटात सुंदररावांच्या घरी नवरदेवाची दाढी ब्लेडवर होत नाही. तिथं दगडावर धार लावलेला वस्तराच लागतो, आणि तो मान आधी बजरंगच्या बाचा, मग बजरंगचा. यंदा मात्र लेकाच्या, शिवशंकरच्या लग्नाला सुंदररावांनी बजरंगच्या दुकानासमोरच दुकान थाटलेल्या हनुमानला सांगावा धाडला. का, तर म्हणे बजरंगचा वस्तरा ओढतो! आणि हनुमान तरी कोण, बजरंगचाच चुलतभाऊ. बजरंगच्या अंगाचा तिळपापड झाला.

सगळी करामत त्या मेल्याच्या दगडाची, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. रोज दुकान उघडलं की हनुमान धारेचा दगड ओल्या फरशीवर घासत बसायचा, आणि बजरंग आरशातून बघून जळायचा.

हळदीच्या दिवशी सकाळी हनुमान चहाला गेला. बजरंगनं इकडंतिकडं बघितलं, दगड उचलला आणि घरी आणून ज्वारीच्या कोठीत खुपसला. आता कर म्हणावं दाढी!

घटकाभरात हनुमान घामाघूम होऊन दारात. "दादा, माजा दगड कुनी नेला कुनास ठाऊक. तुजा दे की घडीभर."

बजरंगला उकळ्या फुटल्या. आपला दगड तर मधोमध खोल गेलेला, कामातून गेलेला. "घे की, बाबा. आपलंच हाय समदं."

हनुमाननं दगड उलटापालटा केला. कानावरची पेन्सिल काढून त्यावर रेघा मारल्या. मग ओट्याच्या फरशीवर वाळू-पाणी टाकून घासायलाच बसला की! कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या काही हटेनात. बजरंगची बायको मंगल चहा घेऊन आली ती कौतुकानं बघतच उभी राहिली. तेही बजरंगला बघवेना. शेवटची रेघ गेली तेव्हा दगड कसा सपाट झाला होता. हनुमाननं तो धुतला, तिथंच वस्तऱ्याला धार लावली आणि पळाला.

दुपारी आला तो खांद्यावर मानाचा टॉवेल टाकूनच.

"शिवशंकर म्हनला, वस्तरा फिरलेला कळलाच न्हाई! दादा, लई भारी दगड हाय हा. थोरल्या काकांचा ना? ल्हानपनापासून डोळा होता माजा ह्याच्यावर. माजा दगड कायबी न्हाई ह्याच्यापुढं. तू तर वापरत न्हाईस. मीच ठिवू का?"

"न्या की, भाऊजी," मंगल म्हणाली. "हितं नुस्ताच पडून असतो."

हनुमान दगड टॉवेलात गुंडाळायला लागला. बाचा दगड, आणि ह्याच्या दुकानात! रोज समोर बसून हा घासणार आणि आपण आरशातून बघायचं! बजरंग उठून आत गेला, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि हनुमानचा दगड आणून त्याच्या पुढ्यात आदळला.

मंगलनं तोंडाला पदर लावला. हनुमान एकदा दगडाकडं बघी, एकदा दादाकडं.

"मीच चोरला," बजरंग म्हणाला. "जा, गावभर सांग. पर माज्या बाचा दगड आदी खाली ठिव."