मान टाकलेलं कबूतर

"दाणे मीच टाकले. विष लावून टाकले. तू जाळी बांधायला आलायस ना, जाळी बांध." सोसायटीचा सेक्रेटरी संदीप असं म्हणाला आणि नवसूच्या हातातला झाडू खेचायला गेला.

नवसूने झाडू सोडला नाही. नववीत शाळा सुटल्यापासून तो चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगींना कबुतरांच्या जाळ्या बांधतो. दोरीवर लटकायला त्याची टरकत नाही, पण कोणी चढ्या आवाजात बोललं की डोकं सटकतं. गच्चीवर आल्याआल्या त्याला निळसर दाणे दिसले होते, आणि टाकीखाली मान वाकडी करून गरगर फिरणारं एक कबूतर. तो दाणे गोणीत भरत सुटला, तेवढ्यात संदीप वर आला.

खिशात फोन वाजला. बहीण, आवडी. त्याने कट केला.

संदीपचंही खोटं नव्हतं. त्याच्या आईला दम लागतो, डॉक्टरने कबुतरांच्या घाणीचं नाव घेतलंय, आणि मीटिंगमध्ये नुसता टाइमपास. नवसू म्हणाला, पाइपांची डक्ट आज संध्याकाळपर्यंत जाळीने बंद करून देतो, अंडी घालायला जागाच नसली की जातील आपोआप. विष काय कबूतर बघून चढतं? मेलेलं कबूतर मांजर खाईल, घार खाईल, मग?

फोन परत वाजला. परत कट.

"एवढा पुळका आलाय तर घरी ने," संदीप हसला. "खाताच ना तुम्ही वाडीवरचे लोक. सकाळी गेटवरची पोरगी खाली पडलेली दोन उचलून घेऊन गेली. फडफडत होती हातात."

"कुठली पोरगी?"

"ती रे, रानभाजी विकते. पिवळी ओढणी."

म्हणजे आवडीच. वाडीवर आईचा एकच कायदा: मेलेलं पाखरू उचलायचं नाय, ते कशाने मेलं कोणाला ठाव. पण जिवंत हाती लागलं तर ती शिकार. मान टाकलेलं, उडता न येणारं कबूतर आवडीला शिकारच वाटलं असणार. तेच सांगायला फोन करत असणार, लवकर ये म्हणून.

त्याने फोन लावला. नुसताच वाजत राहिला. चुलीपुढे बसली की ती फोन आत पेटीवर ठेवते.

संदीपचं हसू गेलं होतं. पोरगी तुझी कोण, असं तो हळूच विचारत होता. नवसूने गोणी त्याच्या हातात कोंबली.

"बहीण आहे. यातला एक दाणा खाली सांडू नको. मला निघायला पाहिजे आता."