पाचवी गोळी

कल्पना कर. तुझ्या तळहातावर चंदेरी कागदाचा एवढासा तुकडा आहे. त्याला पाच फुगे, एकेका फुग्यात एक पांढरी गोळी बसेल एवढी जागा... आणि पाचही फुगे फुटलेले. आता त्यावरून अंगठा फिरव. टोचतं ना?

कुंताचा अंगठा तिथंच अडकला होता, पाचव्या फुग्यावर. चार आपण फोडले हे तिला पक्कं माहीत होतं — रोज एक, सकाळचा भात खाऊन झाल्यावर — आणि पाचवा आज फोडायचा होता. तिने जाळ्याच्या सुताचा डबा उलटा केला, एकेक गुंडी झटकली, सारवलेली जमीन हाताने चाचपली. गोळी कुठेच नव्हती. मानेतून एक ऊन लाट वर चढली आणि कानांपर्यंत गेली. ही गोळ्यांची लाट की भीतीची? अंग तापल्यासारखं होईल, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर मात्र लगेच या.

चंद्रपूरचा तो दवाखाना... भिंतीवर अठ्ठ्याण्णव सालचं कॅलेंडर, त्यावर गुटगुटीत बाळ, आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेली ती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला, आत बारीक ठिपके दिले. म्हणाल्या, "बीज आहे तुमच्यात. पण पिकून सुटत नाही. ही गोळी आतल्या आत निरोप धाडते, की वेळ झाली, आता सोडा." कुंता त्या ठिपक्यांकडे पाहतच राहिली. गावाने तिला कधीच एका शब्दात संपवून टाकलं होतं, आणि ही बाई सांगत होती — बीज आहे! मागच्या बाकावरचा मनसाराम, तिचा नवरा, एवढा वेळ टोपी मुरगाळत बसलेला, एकदम पुढे सरकला.

"म्हंजे आमच्या रोहूवानी?"

डॉक्टरीणबाईंना काही उमगेना. मग त्याने समजावून सांगितलं. सांगताना त्याचे हात हवेत मासा धरल्यासारखे झाले होते. हंगामात तो मत्स्यबीज केंद्रावर कामाला जायचा. रोहूची मादी तळ्यात वाढते, पोटभर अंडी धरते, पण बांधलेल्या पाण्यात ती सोडत नाही. तिला पुराची नदी लागते. आता नदी कुठून आणायची? म्हणून तिला ओल्या फडक्यात हळूच धरून सुई देतात, गोल टाकीत सोडतात, टाकीतलं पाणी फिरवत ठेवतात, आणि तिच्या अंगाला वाटतं की नदी आली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हसून म्हणाल्या, "अगदी तसंच, भाऊ."

परतताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत, जणू बाहेरच्या सागांना सांगावं तसा म्हणाला होता, "आजपर्यंत एकाही रोहूले मी वांझ म्हणलो नाई." मग तालुक्याचं मूल गाव येईपर्यंत सागच बघत राहिला. पण कुंताने ते वाक्य जपून ठेवलं होतं, आणि गोळी गिळताना पाण्याच्या घोटाबरोबर ती तेही गिळायची.

गोळ्यांच्या दोन खेपा झाल्या होत्या. ही तिसरी. "या खेपेला नाही जमलं तर इथं माझं काम संपलं, मग नागपूर," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणि नागपूर म्हणजे तळं सोडून, जाळं सोडून, कोणाच्या दारात राहणार... म्हणजे ही शेवटचीच. आणि शेवटच्या खेपेची शेवटची गोळी नाही.

सोनू! सोनू तिच्या थोरल्या दिराची, देवानंदभाऊंची पोरगी, सहा वर्षांची, दिवसभर काकूच्या पदराला. कालच डब्यात डोकावून विचारत होती, "काकू, हे गोड लागते का?" आणि मी नुसती हसले. हसले कशाला मी? कडू आहे, जहर आहे म्हणायला हवं होतं. एवढ्याशा जिवाला ती गोळी... माझ्या नसलेल्या लेकरासाठी आणलेली गोळी असलेल्या लेकराच्या पोटात...

ती तळ्याकडे धावली. घाटाच्या दगडावर शेजारची झिंगूबाई कपडे आपटत होती.

"काऊन व कुंता, तोंड उतरलं? गोळ्यांनीच पोरं होऊन राह्यली तं देवानं का घरी बसावं?"

"देव बसो का उठो, झिंगूबाई. सोनू दिसली का तुमाले?"

सोनू पलीकडे काठावर उकिडवी बसली होती. समोर पाण्यात प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्या तरंगत होत्या. केंद्रावरून आजच आलेलं मासोळीचं बी, केसाएवढी पिल्लं. मनसाराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पिशव्या काठाशी लावत होता. पिशवी आली की लगेच सोडायची नसते. आतलं पाणी आणि तळ्याचं पाणी सारखंच गार-ऊन होईपर्यंत ती तशीच तरंगू द्यायची. मागच्या वर्षी सोनूने हौसेने एक गाठ आधीच सोडली होती, आणि पिल्लं पांढरी होऊन वर आली होती. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

कुंताने तिची हनुवटी धरली. "तोंड उघड. जीभ दाखव. गोळी खाल्ली का तू?"

"मी नाई खाल्ली, काकू."

"खरं सांग!"

"आईची आन, मी नाई..." आणि तिचे ओठ थरथरले, डोळे भरून वाहू लागले.

पाणी जोरात हललं. मनसाराम काठावर आला, धोतरातून पाणी गळत होतं.

"तिले नको बोलू. मी खाल्लो."

"तुमी?"

"काल संध्याकाळी."

"काऊन पण?"

त्याने खाली बघितलं, मग तिच्याकडे. केंद्रावर नव्या पोरांना शिकवताना बोलत असेल तशा धीम्या आवाजात म्हणाला, "पयली सुई मादीले देतो. दुसऱ्या टायमाले नरालेबी देतो, मंग दोघाले एका टाकीत. एकल्या मादीले देऊन नाई चालत. बाई तं म्हणल्या ना, अगदी तसंच."

"तुमची तपासणी चांगली निघाली होती."

"नर चांगलाच असते व. तरी देतो ना."

झिंगूबाईने धोपटणं खाली टाकलं. "अव माय! आता मनसारामले दिवस जातीन!"

कुंताला राग यायला हवा होता. तो येत होताही, अर्ध्या वाटेपर्यंत आला... आणि मग तिला त्याचे कान दिसले. लाल, तापलेले.

"डोकं नुसतं भणभण करून राह्यलं सकाळपासून," तो हळूच म्हणाला. "तुले रोज असंच होते?"

"होते."

"बोलली नाई कधी."

काय बोलायचं होतं? सुनेनं उपास करावा, नवस बोलावे, गोळ्या खाव्या, तापावं, आणि दर महिन्याला मान खाली घालून न्हाणीत जावं. यात सांगण्यासारखं काय असतं? पण हा माणूस... सगळं गाव मादीकडे बोट दाखवत असताना हा अडाणी, येडा माणूस, आपला रिपोर्ट चांगला आलेला असताना, आपणहून टाकीत उतरला होता. चूक तर केलीच होती. पण अशी चूक कोणी कोणासाठी करतं?

"मूलले जा," ती म्हणाली. "मेडिकलात इचारा. आन् पयले एसटीडीवरून डॉक्टरीणबाईले फोन लावा. दोघाचंबी सांगा, लपवू नका."

"नाई भेटली तं?"

तो ओल्या धोतरानेच सायकलवर बसला आणि तळ्याच्या पाळीवरून दिसेनासा झाला.

ती सोनूच्या शेजारी बसली. गोळी मिळेल की नाही, मिळाली तरी बीज सुटेल की नाही, सुटलं तरी... काहीच ठाऊक नव्हतं, सकाळी होतं त्याहून कमीच ठाऊक होतं. तरी आत कुठेतरी पाणी फिरू लागल्यासारखं वाटत होतं. लाट पुन्हा मानेतून वर चढली, आणि या वेळी तिला वाटलं, सायकलवर आत्ता त्यालाही असंच होत असेल. आता तिला धीर धरवेना. हात आपोआप जवळच्या पिशवीच्या गाठीकडे गेला.

सोनूने तो धरला. अजून हुंदके येत होते तिला, नाक वाहत होतं.

"आत्ता नाई, काकू."

मग तिने एक हात पिशवीवर ठेवला, दुसरा तळ्यात बुडवला, आणि डोळे मिटून घेतले.