भर पावसातला कौल

"सावळाराम तात्यांनी आपलं अवघं आयुष्य देवाच्या चरणी वाहिलं," असं वाडीचे पुढारी आनंदराव यांनी तात्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी देवळात माईक हातात घेऊन जाहीर केलं. माणसांनी माना हलवल्या. वास्तविक तात्यांचा चरणांशी फारसा संबंध येत नसे. त्यांचं सगळं काम देवाच्या छातीशी.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या भैरोबाचे तात्या गुरव. पूजा, दिवा, झाडलोट कुठलाही गुरव करतो. तात्यांचं नाव होतं ते कौलासाठी. कुणाचं काही अडलं की तात्या तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून भैरोबाच्या छातीवर चिकटवत, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. गेनूला बायको कायमची माहेरी पाठवायची होती. देव नको म्हणाला. आज तीच बायको त्याला दम्याची गोळी वेळेवर देते, म्हणून गेनू आहे. आनंदरावांना देवराई तोडून आपल्या प्लॉटपर्यंत रस्ता न्यायचा होता. देव दरसाल नको म्हणाला. वाडीचा झरा त्याच देवराईतून येतो, हे देवाला कुणी सांगितलं, असं कुणी विचारलं नाही.

जी पाकळी टिकायला हवी तिच्या पाठीला तात्या मधमाश्यांच्या मेणाचा कण लावत. मला हे ठाऊक, कारण माझं घर देवळाला लागून आहे आणि मधाची पोळी मीच काढून आणत असे. सुलक्षणा, तात्यांची एकुलती एक लेक, तिलाही ते परकरात असतानाच कळलं होतं.

"तात्या, ह्ये खोटं न्हवं का?" तिनं विचारलं होतं.

"देव लई मोठा हाय पोरी, पन अबोल," तात्या म्हणाले. "त्याच्या वतीनं कुनीतरी शाण्यावानी बोलाया नगं?"

"मंग तुमचा इस्वास हाय का न्हाई त्याच्यावर?"

"माजा हायच. त्याचाबी माज्यावर आसंल. न्हाईतर कवाच हाकलून दिलं आसतं."

तात्या गेल्यापासून पूजा सुलक्षणाच करत होती. नवऱ्याचा टेम्पो भोर-पुणे फिरायचा, ती आईजवळ, बाळाबाईजवळ राहून दिवा सांभाळायची. ओढा भरून वाहत असला तरी देवाची घागर चुकली नाही. आणि आता माईकवर आनंदराव म्हणत होते, "सुलक्षणा गुनाची हाय. पन गाभाऱ्यात पुरुष मानूस पायजे. तात्यांचा सख्खा पुतन्या धनाजी हाय की."

धनाजी कापूरहोळला पंक्चर काढतो. तो आनंदरावांच्या शब्दाबाहेर नाही, हे वाडीला माहीत होतं. तो गुरव झाला की देवराईचं काय होणार, हेही.

"माजं काय न्हाई," धनाजी हात पुसत म्हणाला. हात स्वच्छ होते, पण सवय. "मंडळी म्हनतील तसं. दुकानाला मानूस बघावा लागंल तेवढा."

सुलक्षणा उठली. "एक वरीस म्या दिवा इझू दिला न्हाई. तरीबी मी नगं आसंल, तर तसं देवानं सांगावं. कौल लावा."

"सरावनात?" गेनू म्हणाला. "तात्या पावसाळ्यात कौल लावत नव्हतं. देव चार म्हैनं बोलत न्हाई, म्हनायचं."

"देव काय यष्टी हाय का, पावसात बंद पडाया?" आनंदराव म्हणाले. "म्याच लावतो. उजवी पडली तर सुलक्षणा, डावी पडली तर धनाजी. आन पडंल त्यो कौल अखेरचा. मागनं कुनी फिरायचं न्हाई. म्याबी न्हाई."

हे माईकवरून झाल्यामुळे खालच्या आळीलाही ऐकू गेलं.

बाळाबाईनं लेकीच्या हातात मेणाची गोळी सरकवली. "पाकळ्या तू निवडून दे त्याला," ती पुटपुटली.

"न्हाई आये. तात्यांनी घरच्यासाठी कधी मेन लावलं न्हाई."

"तुजा बा येडा आन तूबी येडी," म्हणून बाळाबाईनं गोळी परत कनवटीला लावली.

आनंदरावांना मेणाचं ठाऊक नव्हतं. पण दरसाल हरणाऱ्या माणसाला काहीतरी युक्ती असल्याचा वास येतोच. ते गाभाऱ्यात शिरले. मी समई धरून शेजारी उभा. डाव्या पाकळीला त्यांनी पाणी लावलं. मग सदऱ्याच्या खिशात बोट घातलं आणि उजव्या पाकळीला गूळ फासला. माझ्याकडे बघून म्हणाले, "निवद."

इतकी वर्षं मेण पुरवणाऱ्यानं गुळावर काय बोलावं?

सगळे सभामंडपात बसले. एरवी आरती संपेपर्यंत पाकळीचं पाणी वाळतं आणि ती पडते. पण बाहेर पाऊस कोसळत होता, धुकं थेट गाभाऱ्यापर्यंत आलेलं, दगडाला पाझर फुटलेला. आठवडाभर वाडीत एक धोतर वाळलं नव्हतं, तिथं पाकळी काय वाळणार? डावी जागची हलेना. तात्यांचा देव चार महिने का बोलत नाही, ते मला तेव्हा कळलं.

"पडंल, पडंल," आनंदराव म्हणत होते.

"शेवटची यष्टी चुकंल," धनाजी म्हणत होता.

ओल्या हवेत उघडा गूळ पाघळतो, हे चुलीपुढच्या कुणालाही कळतं. आनंदराव चुलीपुढं फक्त जेवायला बसत. उजवी पाकळी आधी किंचित तिरकी झाली. मग तांबूस ओघळ मागं सोडत भैरोबाच्या छातीवरून सावकाश निघाली. पोटापाशी थांबली. सुलक्षणानं खांब धरला. पाकळी जरा विचार करून पुढं सरकली आणि देवाच्या पायाशी पडली.

"उजवी," गेनू म्हणाला, आणि घंटा वाजवली.

सुलक्षणा होती तिथंच खाली बसली. पदर तोंडाला लावून "तात्या" एवढंच म्हणाली.

"ह्ये काय खरं न्हवं," आनंदराव म्हणाले. "पाकळी पडली न्हाई. घसारली."

"का घसारली?" गेनूनं विचारलं.

आनंदरावांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. "वल लई हाय," ते म्हणाले.

"मंग डावी का न्हाई घसारली?"

धनाजी तेवढ्यात सुलक्षणाच्या पाया पडून मोकळा झाला. "आक्का, तूच बघ बाई आता देवाचं. म्या निघतो." इतका हलका झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

गेनू मात्र गाभाऱ्यात डोकावत होता. "आनंदराव, द्येवाच्या छातीवर ह्ये तांबडं काय हाय वं?"

"घाम," आनंदराव म्हणाले. "द्येवाला घाम फुटला."

माणसांनी हात जोडले. घामाला मुंग्या लागायला लागल्या होत्या.

बाळाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत गाभाऱ्यात गेली, ओघळाला बोट लावलं, जिभेला लावलं. मग वळून आनंदरावांपुढं येऊन उभी राहिली.

"आनंदराव," ती म्हणाली, "पाव्हनं लई आल्यात. खिशात उरला आसंल तर थोडा द्या. च्याला गूळ कमी पडतोय."