शुक्रवारची झोप

भिवंडीजवळच्या कोनगावात भोईरांची सून पूर्वी राहते, तिच्या घरामागे कापडाच्या लूमचा कारखाना आहे. मधे एक बोळ, तोही इतका अरुंद की दोन मांजरं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागतं. सकाळी कारखान्याची खटाखट सुरू झाली की आलेले पाहुणे ओरडून बोलू लागतात, आणि घरची माणसं विचारतात, ओरडता कशाला?

या घरात पूर्वीला दिवसातला एक तास स्वतःचा मिळायचा. दुपारी तिचा लहानगा सार्थक झोळीत झोपायचा, सासूबाई गुणाबाई आतल्या खोलीत आडव्या व्हायच्या, नवरा प्रितेश वळ गावच्या गोदामात ड्युटीवर असायचा. मग पूर्वी मागच्या पडवीत करवंट्या घेऊन बसायची. सुरीने कोरायची, पॉलिश पेपरने घासायची. एका करवंटीवर वेल चढवता चढवता महिना सरायचा आणि बोटांची सालं निघायची.

"आगो, करवंट्या चुलीत घालाच्या असतात," गुणाबाई म्हणायच्या. "त्यांना नक्षी कसली काढतंस? जलताना काय शोभा येनार हाय?"

"मशीन घे की," प्रितेश म्हणाला. "हातात धरायची असते ना, पेनासारखी, टोक गरगर फिरतं. किती दिवस मोबाईलवर बघत बसणार?"

बघून बघून तर तिला सगळं पाठ झालं होतं. वायरवाली वेगळी, चार्जिंगवाली वेगळी, कोरायचं टोक वेगळं, घासायचं वेगळं. भीती एकाच गोष्टीची होती, आवाजाची. सार्थक दचकून उठला की तो तास गेला. आणि तो गेला तर दिवसभरात पूर्वीचं असं काही उरतच नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ती भिवंडीच्या बाजारात शमीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. पिशवीत करवंटी, खांद्यावर पेंगुळलेला सार्थक.

"भाभी, ही घ्या, एक नंबर," शमीमभाईंनी वायरवाली काढली. "दिवसभर चालवा, दमणार नाही."

बटण दाबताच मशीन गिरणीसारखी घुमली. पूर्वीने आधी सार्थककडे पाहिलं.

"याहून कमी आवाजाची?"

"आवाज?" शमीमभाई हसले. "इथं गिऱ्हाईक ताकद विचारतं. आवाज कमी द्या म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या. भिवंडीत राहता ना?"

शेवटी त्यांनी एक छोटी, चार्जिंगवाली काढली. काडेपेटीत भुंगा कोंडावा तेवढीच तिची गुणगुण. पूर्वीचा चेहरा उजळला.

"ही कागदी फुलांसाठी ठीक आहे. करवंटी कडक चीज. दाबलं की थांबेल."

"मी हळू दाबीन."

"मर्जी. नाही जमलं तर परत आणा, बदलून देतो." ते सार्थककडे वाकले. बाहेर हॉर्न, शेजारी वेल्डिंग, आणि तो पूर्वीच्या खांद्यावर लाळ गाळत गाढ झोपला होता. "हा बघा पक्का भिवंडीवाला. याला कसली आवाजाची भीती?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. लूमना सुट्टी. पूर्वीने मुद्दाम तोच दिवस साधला. मागे सामसूम आहे, पोर गाढ झोपेल. सार्थक बराच वेळ चुळबुळला, पण डोळा लागला एकदाचा. तिने तोंडावर ओढणी बांधली, चष्मा लावला, मशीन सुरू केली. गुणगुण झाली. टोक करवंटीला टेकलं आणि मशीन मुकी झाली. उचललं, पुन्हा गुणगुण. टेकलं, पुन्हा मुकी. तिसऱ्यांदा थांबली आणि आतून टाहो आला.

गुणाबाई धडपडत उठल्या. "उठवलास पोराला! त्या भुंग्याला आग लाव!" मग मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून झाल्या. दर थोड्या दिवसांनी पोर असं दुपारचं डोळ्याला डोळा लावायचं नाही, आणि गुणाबाई नजर काढायच्या. कुठल्या वारी, हे कुणी पाहिलं नव्हतं.

पूर्वीने मशीन फडक्यात गुंडाळून फळीवर टाकली. पुन्हा सुरी हातात घेतली, पण आता सुरीही जड वाटत होती. जे मिळायचं नाही ते एकदा हातात घेऊन पाहिलं की असंच होतं.

पुढच्या आठवड्यात मधल्याच एका दुपारी ती पॉलिश पेपरने घासत बसली होती. अचानक लाईट गेली. मागचे लूम एकदम बंद पडले. इतकी शांतता झाली की परसातल्या कोंबडीची नखं मातीत खरवडलेली ऐकू आली. आणि झोळीत सार्थक ताडकन उठून रडू लागला.

पूर्वी त्याला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. आज मशीन तर फळीवर होती.

"आई, आपण याची नजर कधी काढतो हो?"

"पोर झोपत न्हाय तवा."

"कुठल्या वारी?"

गुणाबाईंनी आठवून पाहिलं. "मागच्या येलेला... मी बाजाराशी मासली घेऊन आले, तू शुक्रवारचा उपास म्हनून खाल्ली न्हाईस."

"त्याच्या आधी?"

"त्या येलेला पन तुजा उपासच."

"आई, याला आवाज उठवत नाही. आवाज थांबला की हा उठतो."

गुणाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "म्हंजे येवढ्या मिरच्या मी फुकट जाल्ल्या?"

शनिवारी शमीमभाईंनी मशीन परत घेतली. "आता काय, याहून बारीक आवाज?"

"नाही. न थांबणारी द्या. करवंटी दाबली तरी सूर तुटता कामा नये."

त्यांनी तीच पहिली, गिरणीसारखी पुढे केली. पूर्वीने टोक करवंटीवर जोरात रोवलं. भुगा उडाला, सूर तसाच. शमीमभाईंनी मशीन खोक्यात भरली.

पुढले चार-सहा दिवस लूमच्या खटाखटीत मशीनचा आवाज विरघळून गेला. करवंटीवर वेल चढली, दांडा बसून तिची पळी झाली. शुक्रवारसाठी तिने फक्त चकाकी ठेवली होती. टोकाला मऊ लोकरी नमद्याची चकती लावली, मशीन सुरू केली, मगच सार्थकला झोळीत घातलं. दोन झोके, आणि त्याचा डोळा लागला.

पळी आरशासारखी चमकली. काम संपलं. अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थबकला.

गुणाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा पूर्वी रिकाम्या हवेत मशीन धरून बसली होती.

"झाला ना तुजा? मंग बंद कर."

पूर्वीने मानेनेच झोळी दाखवली. झोळीतून एक इवलासा पाय बाहेर लोंबत होता.

गुणाबाईंनी त्या पायाकडे पाहिलं. मग पदर खोचून खाली बसल्या. "दे माज्याजवल. तू चाय पी, गरम हाय तवर." कमरेची मशेरीची डबी काढून त्यांनी तिचं काळं झाकण चकतीवर धरलं. हळूहळू त्यातून पितळ वर आलं.

"यो उठेपरत्यान बंद कराची न्हाय?"

"नाही."

"मंग बसलंस काय? चाय संपव, नि ती देवातली समई आन."